कागद कुणी आणले?

माझ्या आठ वर्षांच्या भाचीला मी परवा वाचनालयातून आणलेलं एक चित्रांचं पुस्तक वाचून दाखवत होते. गोष्ट तशी नेहमीचीच. एका मुलीला सायकल हवी असते. घरी मागितल्यावर "स्वतः कमवून घे" असं उत्तर मिळतं. ती शुभेच्छापत्रं बनवते, दारोदार जाऊन विकते आणि शेवटून दुसऱ्या पानावर नव्या सायकलवर बसलेली दिसते. भाची मन लावून ऐकत होती. पुस्तक मिटल्यावर तिने विचारलं, "मावशी, पण कागद कुणी आणले?"

मी पानं उलटून मागे गेले. तिसऱ्या पानावर मुलगी टेबलाशी बसली आहे. समोर रंगीत कागदांचा गठ्ठा, रंगपेटी, कात्री, डिंकाची बाटली. हे सगळं कुठून आलं याबद्दल पुस्तकात एक अक्षर नाही.

मग आम्ही दोघींनी तिचा हिशेब मांडायला घेतला. गोष्टीत आकडे नव्हते, म्हणून आम्हीच धरले. कागद आणि रंगांना ६० नाणी. "आईने दिली असतील," असं भाचीने परस्पर ठरवून टाकलं. पत्रं २०, प्रत्येकी १० नाण्यांना. पुस्तकात सगळीच्या सगळी विकली जातात, पण भाचीला ते पटेना. "काही तर बिघडली असतील ना? आणि काही कुणाला आवडली नसतील." मग १४ विकली गेली असं धरलं. आले १४०, त्यातून आईचे ६० वजा, उरले ८०. पाच संध्याकाळी दोन-दोन तास काम केलं असेल, तर तासाला ८ नाणी पडली. सायकल २,००० ची धरली, तर हा सगळा खटाटोप २५ वेळा करायला लागणार आणि एकूण ३५० पत्रं विकायला लागणार. भाची बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "एवढी माणसं तिला ओळखतात तरी का?"

भांडवल कुणाचं, माल किती वाया गेला, किती पडून राहिला, वेळेचं मोल काय, गिऱ्हाइकं किती मिळणार. आठ वर्षांच्या मुलीने पंधरा मिनिटांत हे सगळे प्रश्न काढले. त्यातला एकही त्या पुस्तकात नव्हता.

मुलांना पैशांचे व्यवहार आणि उद्योजकता शिकवणारी पुस्तकं निघावीत असंच मला वाटतं. पुष्कळ घरांत पैशांचा विषय मुलांसमोर काढत नाहीत. मग मोठ्यांची कुजबुज ऐकून मुलं आपापले अंदाज बांधतात, आणि ते बहुतेक वेळा वास्तवापेक्षा भीतिदायक असतात. त्यापेक्षा हातात पुस्तक असलेलं बरं. पण मी आजवर जी पाहिली त्यातली बहुतेक पुस्तकं जमेची बाजू रंगवतात आणि खर्चाचं पान कोरं ठेवतात. मुलांसाठी सोपं करायचं म्हणून तसं करतात, हे मला कळतं. मात्र सोपं करताना जे गाळलं जातं, तेच पैशाबद्दल शिकण्यासारखं असतं, असं माझं ठाम मत आहे.

हिशेबाला दोन बाजू असतात हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली या गणिती साधूचा एक जाडजूड ग्रंथ छापला गेला. तिथले व्यापारी वापरत असलेली दुहेरी नोंदीची पद्धत त्यात छापील रूपात सविस्तर मांडलेली आहे. तिच्या मुळाशी असलेला विचार मुलांनाही सांगता येईल असा आहे: एका ठिकाणी पैसा आला, तर तो दुसऱ्या कुठून तरी आलेला असतो, म्हणून प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा. "कागद कुणी आणले?" हा प्रश्न त्याच विचाराचा आहे. माझ्या भाचीने पाचोलीचं नाव ऐकलेलं नाही, तरी तिला तो सुचला. पुस्तक लिहिणाऱ्याला मात्र सुचला नाही.

लहान मुलांना एवढं कळत नाही, असं यावर सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. गुस्ताव जाहोडा या मानसशास्त्रज्ञाने ग्लासगोमधल्या मुलांचा अभ्यास करून १९७९ साली प्रसिद्ध केला. लहान मुलांना वाटत होतं की दुकानदार वस्तू ज्या किमतीला विकतो तेवढ्यालाच ती आणतो. खरेदी आणि विक्री यांतल्या फरकावर दुकानदाराचं पोट चालतं, हे बहुतेकांना दहा-अकराव्या वर्षापर्यंत उमगलेलं नव्हतं. एवढंच वाचून कुणी म्हणेल, मग दहा वर्षांच्या आत नफ्यातोट्याच्या गोष्टी सांगूच नयेत. पण जाहोडा यांनी पुढे झिम्बाब्वेतल्या मुलांचाही अभ्यास केला आणि तो १९८३ साली प्रसिद्ध झाला. ती मुलं घरच्या छोट्याशा खरेदी-विक्रीत हातभार लावणारी होती. त्यांना नफा म्हणजे काय हे ग्लासगोच्या बरोबरीच्या मुलांपेक्षा लवकर कळलेलं होतं.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या पाच मुलांची कहाणी तर शिक्षणक्षेत्रात प्रसिद्धच आहे. संशोधक गिऱ्हाईक बनून त्यांच्याकडे गेले आणि विक्रीच्या ओघात हिशेब विचारत राहिले. मुलांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. नंतर त्याच मुलांना तशीच गणितं निव्वळ आकडेमोड म्हणून सोडवायला दिली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास १९८५ सालचा.

त्या मुलांचं मी गोडवे गाऊन वर्णन करणार नाही. पोटासाठी रस्त्यावर उभं राहावं लागणं ही काही हेवा करण्यासारखी गोष्ट नव्हे. माझा मुद्दा एवढाच की समज वयापाशी अडत नाही. माल आणताना किती पैसे गेले हे ज्या मुलाने स्वतः पाहिलं, त्याला नफा समजावून सांगावा लागत नाही. ज्याने फक्त विक्रीची बाजू पाहिली, त्याच्यासाठी गल्ल्यात पडलेलं प्रत्येक नाणं कमाईच असतं. ज्या मुलांना सुदैवाने काम करावं लागत नाही, त्यांना खरेदीची बाजू दिसणार ती गोष्टींमधूनच. आणि गोष्टी ती दाखवत नाहीत.

दाखवता येत नाही असं तर मुळीच नाही. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर या लेखिकेने १९०९ साली एका मांजराची आणि कुत्र्याची गोष्ट लिहिली. जिंजर आणि पिकल्स मिळून दुकान चालवतात. गिऱ्हाइकं म्हणजे ससे आणि उंदीर. उंदीर आले की मांजराच्या तोंडाला पाणी सुटतं, म्हणून त्यांना माल द्यायचं काम कुत्र्याकडे. दुकान चालतं झकास, गर्दी असते, माल भराभर खपतो, कारण हे दोघं सगळ्यांना उधार देतात. गल्ला मात्र कायम रिकामा. शेवटी दोघांना स्वतःच्याच दुकानातला माल खाऊन दिवस काढायची पाळी येते, त्यात कराची नोटीस येऊन पडते, आणि दुकानाला कुलूप लागतं. गावात दुसरं दुकान एका मांजरीचं. ती उधार देत नाही. हे दुकान बंद पडताक्षणी ती सगळ्या मालाचे भाव वाढवते.

चार-पाच वर्षांच्या मुलाला वाचून दाखवायच्या पुस्तकात एवढं सगळं मावलं आहे. विक्री जोरात असूनही धंदा बुडू शकतो. एक स्पर्धक गेला की दुसऱ्याचे हात मोकळे होतात आणि त्याची किंमत गिऱ्हाईक मोजतं. उधारीवर नेणारे ससे-उंदीर कुणी दुष्ट नाहीत, आणि जिंजर-पिकल्सही आळशी नाहीत. कुणालाच शिक्षा म्हणून काही घडत नाही. आपल्याकडे "उधारीचं पोतं सव्वा हात रितं" म्हणतात, त्यात ही अख्खी गोष्ट बसते. पॉटर स्वतः व्यवहारात पक्की होती, आपल्या सशाच्या बाहुलीचं पेटंट तिने १९०३ मध्येच नोंदवलं होतं. धंदा आतून माहीत असलेल्या बाईने लिहिलंय हे पानापानावर जाणवतं. आजच्या पुस्तकांमधला छोटा उद्योजक उधार देत नाही, घेत नाही, त्याचं कुणी बुडवत नाही आणि त्याच्या शेजारी दुसरं दुकानही नसतं.

बचतीच्या पुस्तकांबद्दल माझी तक्रार याहून मोठी आहे. तिथे प्रश्न गाळलेल्या पानाचा राहत नाही, शिकवणुकीचाच होतो. एक मुलगा मिळालेले पैसे लगेच उडवतो, दुसरी मुलगी डब्यात टाकते. महिन्यांनंतर मुलाचे हात रिकामे, मुलीच्या हातात हवी ती वस्तू. ऐकणारं मूल यातून दोन गोष्टी शिकतं. धीर धरला तर फळ मिळतं, ही पहिली. दुसरी कुणी उच्चारत नाही, पण ती मनात जाऊन बसते: ज्याच्याकडे नाही, त्याने धीर धरला नाही. आता हीच गोष्ट वर्गात मोठ्याने वाचली जाते आणि ऐकणाऱ्यांमध्ये असं एक मूल असतं, ज्याच्या घरात महिना संपायच्या आत पैसे संपतात. आपले आईवडील गोष्टीतल्या उधळ्या मुलासारखे आहेत, असं त्याने समजायचं का?

धीर धरण्याची ती प्रसिद्ध कसोटी अनेकांनी ऐकलेली असते. वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॅनफर्डच्या बालवाडीत ती घेतली. मुलासमोर एक मिठाई ठेवायची, ती न खाता थांबलं तर दुसरी मिळणार. थांबणारी मुलं पुढे आयुष्यात पुढे जातात, असा तिचा बोलबाला झाला आणि बचतीच्या पुस्तकांना आयता आधार मिळाला. २०१८ साली सुमारे ९०० मुलांची, वेगवेगळ्या परिस्थितीतल्या घरांची माहिती घेऊन ती पुन्हा तपासली गेली. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध पुष्कळच फिका पडला. मला मात्र त्याहून महत्त्वाचा वाटतो तो सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला छोटासा प्रयोग. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं. कसोटीच्या आधी त्यांना चित्रकलेचं चांगलं सामान आणून देण्याचा शब्द दिला. निम्म्या मुलांना दिलेला शब्द पाळला. उरलेल्यांकडे प्रयोग घेणाऱ्या बाई रिकाम्या हाताने परत आल्या, "माफ करा, नाहीये" म्हणाल्या. मग मिठाई ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना दिलेला मोडला, ती तीन मिनिटं.

ज्या मुलाने मोडलेला शब्द नुकताच पाहिला, त्याने समोरची मिठाई खाऊन टाकली यात त्याचा अवगुण कुठला? त्याने बरोबर हिशेब केला. ज्या घरात डब्यातले पैसे आजारपणात काढावेच लागतात, तिथल्या मुलालाही ते आज हातात असताना वापरणं शहाणपणाचं वाटू शकतं. बचतीच्या पुस्तकात हे आलं पाहिजे. डब्यात पैसे टाकणारी मुलगी एक दिवस डबा उघडते आणि घरातल्या गरजेसाठी ते दिलेले असतात, असं एखादं पान का असू नये? पैसे गेल्याचं तिला वाईट वाटेल, रागही येईल. तो राग गोष्टीत मावू दे.

डब्याबद्दलच आणखी एक. चक्रवाढीची जादू हल्ली सात-आठ वर्षांच्या मुलांच्या पुस्तकातही येते, आणि ती यावीच. ७२ ला व्याजाच्या दराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतील ते कळतं. पाचोलीच्या त्या १४९४ च्या ग्रंथातही हा ठोकताळा आहे. ६ टक्के दर असेल तर १२ वर्षं. मुलांना हे फार आवडतं, मी पाहिलं आहे. पण गणित इथेच थांबवतात. भाव दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत असतील, तर त्याच १२ वर्षांत वस्तूंच्या किमती दुप्पट होतात. सहाव्या वर्षी डब्यात टाकलेल्या नाण्यांनी अठराव्या वर्षी निम्म्याच वस्तू येतात. आणि कर्जावर २४ टक्के व्याज असेल, तर काहीच न फेडणाऱ्याचं देणं सुमारे तीन वर्षांत दुप्पट होतं. ठोकताळा एकच, ठेवीला लागतो, महागाईला लागतो आणि कर्जालाही लागतो. तीनपैकी एकच वापर शिकवून आपण मुलांना गणित शिकवल्याचं समाधान मानतो. पुढे जाऊन त्यांना सगळ्यात जास्त गाठणार आहे तो तिसरा.

शिवाय मुलांचा पैसा आता नाण्यांच्या रूपात उरलेला नाही. पडद्यावरच्या खेळात ती रत्नं आणि बंद पेट्या विकत घेतात. पेटीत काय निघेल हे उघडेपर्यंत कळत नाही. पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्यांना बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ साली जुगार ठरवलं. इतका गंभीर मामला मुलांच्या तळहातावर चालू असताना पुस्तकातलं डुकराच्या आकाराचं बचतीचं खेळणं अजून नाणी गिळत बसलेलं आहे. मुलांना बाजारापासून लांब ठेवावं, त्यांचं बालपण हिशेबात नासवू नये, असं कळकळीने म्हणणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे. आवडीने चित्रं काढणाऱ्या मुलांना बक्षिसाचं आमिष दाखवलं, तर नंतर ती आपणहून कमी चित्रं काढतात, हे १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसलं आहे. मुलाच्या प्रत्येक छंदाला "याचा धंदा करता येईल" म्हणणारी पुस्तकं मला म्हणूनच नकोशी वाटतात. पण बाजार मुलांपर्यंत पोचायचं थांबलेलं नाही. त्याच्याबद्दल बोलणारं कुणीतरी हवंच, आणि ते विकणाऱ्याच्या बाजूचं नसावं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. पैशांविषयीचं मुलांचं साहित्य अनेकदा बँका आणि वित्तसंस्थांच्या पैशातून तयार होतं आणि शाळांमध्ये फुकट वाटलं जातं. त्यात लबाडीच असते असं मी म्हणत नाही. पण ज्याचा धंदा कर्ज देण्याचा आहे, त्याने छापलेल्या गोष्टीत कर्ज बुडालेल्या घराचं पान येण्याची शक्यता किती? शाळांनी असं साहित्य घेताना ते कुणी छापलं हे मुलांना सांगावं. शिकवायला तो धडाही चांगलाच आहे.

अशा पुस्तकांनी मुलं पुढे उद्योजक होतील ही आशा मात्र मला फारशी पटत नाही. नेदरलँड्समध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलांना उद्योजकतेचा छोटा अभ्यासक्रम देऊन पाहिला गेला. २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. मुलांचा आत्मविश्वास, चिकाटी, नवं काही सुचणं यांत वाढ झाली. धंदा काढण्याची इच्छा मात्र वाढली नाही, उलट कमी झाली. यात मला अपयश दिसत नाही. एखादी गोष्ट नीट पाहून "हे माझं काम नाही" असं ठरवणं हेही शिकणंच आहे, आणि तासाला ८ नाणी हा आकडा पाहिल्यावर ते ठरवायचा मुलांना हक्क आहे.

मुलं निराश होतील, स्वप्नं बघायच्या वयात त्यांना तोटे कशाला दाखवायचे, असं मला एका शिक्षिकेने विचारलं होतं. प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यांना आमच्या त्या हिशेबाच्या कागदाबद्दल सांगितलं. ३५० चा आकडा पाहून भाची हिरमुसली होती हे खरं, पण ती तिथून उठली नाही. न विकलेल्या सहा पत्रांचं काय करायचं यावर तिने दोन उपाय काढले: ज्यांनी आधी एक घेतलंय त्यांना दुसरं फुकट द्यायचं, किंवा स्वतःच्याच मैत्रिणींच्या वाढदिवसांना वापरायची. कागद दोन्ही बाजूंनी वापरला तर कमी लागेल का, यावर ती बराच वेळ अडून बसली. मग सायकल जुनी घेतली तर, असं तिनेच विचारलं. पुस्तकातल्या मुलीपेक्षा तिने दुप्पट विचार केला, आणि तिच्या हातात तर एक नाणंही नव्हतं.

कागदाच्या खाली तिने एक ओळ लिहिली होती. "आधी आईचे ६० द्यायचे." मी विचारलं, आईने मागितले नाहीत तर? ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, "तरी लिहून ठेवायचे."

तो कागद पुस्तकात तसाच राहिला आणि पुस्तक वाचनालयात परत गेलं. तो परत आणावा असं मला एकदा वाटलं होतं. पण तो तिसऱ्या पानापाशी आहे, बरोबर जागी.